भुजलीचं नाव

रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस आले की मला प्रवास नको वाटतो. चंद्रपूरहून मूल गावाकडे जाताना बसच्या खिडकीतून धानाच्या बांध्या दिसायला लागतात. पोटरीभर चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, बांधावर टाकलेल्या पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंड्या. शेजारी बसलेली एखादी बाई म्हणते, काय हिरवंगार दिसते हो. मी हो म्हणते आणि मांडीवरची पिशवी उगाच घट्ट धरते.

तीस वर्षं मी गडचिरोलीच्या जंगलात नर्स होते. लोकांना वाटतं, या बाईला कसली भीती. आडवाटेनं सायकल हाकत बाळंतपणं केली, वाटेत अस्वल दिसलं तर घंटी वाजवत उभी राहिले. गावात हिरव्या कपड्यांतले दोन प्रकारचे पाहुणे यायचे, एक जंगलातले आणि एक सरकारचे. दोघांच्याही खांद्यावर बंदूक असायची आणि दोघेही माझ्याकडे तापाच्या गोळ्या मागायचे. मी दोघांनाही देत होते आणि दोघांनाही सांगत होते, उपाशीपोटी खाऊ नका. ती भीती अंगावरून जायची. मला धडकी भरायची ती एका साध्या प्रश्नाची. कुणीही, केव्हाही, चहाचा कप हातात धरून विचारू शकेल असा प्रश्न. तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?

दुसरी म्हणजे शमीम. चंद्रपूरच्या शिंप्याची मुलगी, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण. छत्तीसगढच्या सीमेकडच्या त्या गावात ती आली तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी होती आणि बैलगाडीवर शिवणयंत्र. शाळेची खोली गळत होती म्हणून आठ दिवसांसाठी माझ्या उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. आठ दिवसांची बारा वर्षं झाली. माझं लग्न विशीतच मोडलं होतं, तिनं आलेली सगळी स्थळं परतवली होती. आता या वयात आडवळणानं कशाला बोलू, सरळच सांगते. आमची चूल एक होती आणि अंथरूणही एक होतं. नवराबायको जसा संसार करतात, रुसतात, मिठावरून भांडतात, तापात एकमेकांचं डोकं चेपतात, तसा आमचा संसार होता. त्याला नाव मात्र नव्हतं, आणि नाव नाही तोवर आपण सुखरूप आहोत असं मला वाटायचं.

क्वार्टरमध्ये खाटा दोन होत्या. दुसरी खाट लोकांसाठी. तिच्यावर स्वच्छ चादर, उशी, पायथ्याशी घडी केलेली दुलई. सकाळी उठलं की मी आधी त्या खाटेवर जाऊन लोळायचे, चादर चुरगळायचे, उशीला खड्डा पाडायचे आणि मग दार उघडायचे. शमीम चुलीपाशी बसून हसायची. म्हणायची, “तुयं नाटक रोजचंच आहे. कोन येते पाहाले?” पण मी एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप असला तरी आधी ती खाट विस्कटून यायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा माझ्या पाठी तो होता, आणि त्याच्यासाठी मी रोज अंथरूण घालत होते.

रोवणी म्हणजे मलेरियाचे दिवस. बायका बांधीतून थेट माझ्या पायरीवर यायच्या, चिखलाचे हात पुढे करून. मी स्पिरिटच्या बोळ्यानं एकच बोट पुसायचे. चिखलानं माखलेल्या हाताचं ते एक बोट तेवढं उजळ दिसायचं. सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पसरवायचा, काच वाळवायची. ओळीनं मांडलेल्या काचा, चिखलाचा वास, ओल्या लुगड्यांचा वास, चुलीवरच्या भाताचा वास. आजही स्पिरिटचा वास आला की मला त्यामागून भाताचा वास येतो.

अशाच एका दिवशी कौसल्याबाई काच द्यायला आल्या. गावच्या सुईण त्या, सत्तरीच्या, माझ्याआधी निम्मं गाव त्यांच्याच हातावर जन्मलेलं. बोट दाबून धरत त्या आतल्या खोलीकडे बघत बसल्या. मग सहज म्हणाल्या, “बाई, त्या खाटेवर कोनी निजत नाई, आन चादर तं रोज चुरगळते.”

माझ्या हातातली काच खाली पडून फुटली. कौसल्याबाईंनी तुकडे पदरात वेचले, उठल्या, आणि जाताना म्हणाल्या, “काऊन भेतं एवढी? मी का सरकार हावो?”

त्यानंतर चार-सहा आठवडे मी त्यांच्या घरावरून जाणं टाळलं. त्यांनी गावात काय सांगितलं असेल, कुणाला सांगितलं असेल, याचा विचार करून अन्न गोड लागेना. शमीमला म्हटलं, तू शाळेच्या खोलीत राहायला जा. ती म्हणाली, “जातो ना. गळणारं छप्पर तू धरून ठेव मंग.” आणि गेली नाही.

श्रावणात राखीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे भुजल्या शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. टोपलीत माती घालून गहू पेरायचे, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे, रोज पाणी शिंपायचं. नऊ दिवसांत पिवळीधमक रोपं वर येतात, त्याच भुजल्या. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका गाणी म्हणत तलावावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि रोपं परत आणतात. त्या दिवशी ज्या दोघींना जन्माचं नातं बांधायचं असेल त्यांनी ती रोपं एकमेकींच्या कानावर खोचायची. झाल्या त्या एकमेकींच्या भुजली. जात आडवी येत नाही, धर्म आडवा येत नाही. एकीच्या घरचं लग्न दुसरीच्या घरचं, एकीचं मरण दुसरीच्या घरी सुतक. हे नातं मोडता येत नाही. आणि एक नियम, त्यानंतर भुजलीचं नाव म्हणून घ्यायचं नाही. जन्मभर तिला भुजलीच म्हणायचं.

त्या वर्षी तलावाच्या पाळीवर कौसल्याबाईंनी आम्हा दोघींना हाताला धरून समोरासमोर उभं केलं. सगळं गाव बघत होतं. मी शमीमच्या डोळ्यांकडे न बघता तिच्या कानावर रोपं खोचली, त्यातलं एक रोप खाली पडलं. तिनं ते उचललं, माझ्या कानावर खोचलं, आणि म्हणाली, “आता बोल. कोन येते पाहाले?” सरपंच देवरावभाऊंनी नारळ फोडला. घरी परतताना कौसल्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “आता कोनी इचारलं तं सांगाले नातं आहे तुमाले.”

पाच श्रावण आम्ही एकमेकींचं नाव घेतलं नाही. लसीकरणाच्या आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर ती लिहायची, उद्या नर्सबाई येतील. मी तिला चंद्रपूरला चिठ्ठी पाठवली तर वर लिहायचे, भुजलीस. त्या पाच वर्षांतही मी खाट विस्कटतच होते, पण कधी कधी विसरायचे. भीती कमी झाली होती असं नाही, तिला झोप लागली होती.

मागे टीव्हीवर दिल्लीच्या सर्वांत मोठ्या कोर्टातल्या खटल्याची चर्चा चालली होती. बाईनं बाईशी, पुरुषानं पुरुषाशी लग्न करावं का, कायद्यानं ते मानावं का. चार माणसं एकाच वेळी बोलत होती. एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं शहरातल्या शिकलेल्यांचं खूळ आहे, खेड्यात असलं काही नसतं. शमीम मेथी निवडत ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि ती मेथीकडे. जुड्या संपल्यावर तिनं परडी उचलली आणि म्हणाली, “सुनंदा, आवाज कमी कर.” सुनंदा हे माझं नाव.

ते नाव तिच्या तोंडी पुन्हा कसं आलं, ती गोष्ट दोन हजार नऊच्या रोवणीची आहे.

त्या वर्षी निवडणुकीमुळे आमच्या बदल्या उन्हाळ्यातून घसरून जुलैत आल्या. बारा वर्षं एका जागी झालेली, तेव्हा माझं नाव यादीत होतंच. गडचिरोलीच्या सभागृहात सगळ्या नर्सबायांना बोलावलं होतं. साहेबांसमोर जायचं, रिकाम्या गावांतून एक निवडायचं, सही करायची. अर्जात एक रकाना होता, पती-पत्नी एकत्रीकरण, होय किंवा नाही. नवरा सरकारी नोकरीत असेल तर बाईला त्याच्याजवळचं गाव मिळायचं. मी तिथे ‘नाही’ लिहिलं तेव्हा शमीम शेजारीच होती. शाळेला किरकोळ रजा टाकून ती माझ्यासोबत आली होती आणि मागच्या बाकावर जाऊन बसली होती.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल आला होता. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं एकत्र यावं, मग ती दोघं पुरुष असोत की दोघी बाया, तो गुन्हा नाही, एवढंच कोर्टानं म्हटलं होतं. पण पेपर हातोहात फिरेपर्यंत लोकांच्या तोंडी त्याचं लग्न झालं होतं. साहेब यायला उशीर होता आणि सभागृहात दुसरा विषय नव्हता.

“आता बाई बाईसंग लगन लावन म्हन्ते,” एक आरोग्यसेवक पेपर फडकावत म्हणाला. “अर्जात रकाना वाढवा लागते बडेबाबू. पत्नी-पत्नी एकत्रीकरण.”

हशा झाला. मीही हसले. हे मी लपवणार नाही, सगळ्यांत आधी हसणाऱ्यांत मी होते.

बडेबाबू, म्हणजे आस्थापनेचे म्हातारे कारकून, चष्मा पुसत म्हणाले, “लग्नाचं काही नाई त्यात. गुन्हा नाई येवढंच म्हटलं. पण उद्या लग्नही मागतीन, पाहा. मंग सेवापुस्तकात वारस कोनाले लिहाचं? पेन्शन कोनाले द्याची? क्वार्टर कोनाच्या नावानं?”

“द्या ना ज्याची त्याले,” माझ्या शेजारची एक नर्स म्हणाली. “माया नवऱ्यानं दहा वर्षांत मले एक कप चहा नाई दिला. वारस तोच हाय.”

“तुयी गंमत हाय,” आरोग्यसेवक म्हणाला, “पन असे लोक आपल्या खात्यात निघाले तं एका टेबलावर बसशीन का तू? पोरीबाळी येतेत दवाखान्यात.”

ती आपला अर्ज चाळायला लागली. मी माझ्या हातांकडे बघत होते. याच हातांनी मी किती पोरीबाळींची बोटं पुसली होती, तेवढंच मनात येत होतं. मागे वळून शमीमकडे बघायची हिंमत झाली नाही. बघितलं तर सगळ्यांना कळेल असं वाटलं.

दारात मला देवरावभाऊ दिसले. स्वच्छ धोतर, काखेत छत्री, पायाला बांधीचा चिखल. ऐन रोवणीत माणूस एवढ्या लांब आला होता. मी घाईनं जवळ जाऊन विचारलं, “भाऊ, तुम्ही इथी कसे?”

“काम आहे थोडं,” ते म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

साहेब आले. वर्षभरापूर्वीच पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, तरुण, भला माणूस. माझं नाव पुकारलं, मी समोर उभी राहिले. बडेबाबूंनी फाईल उघडली आणि एक कागद काढून म्हणाले, “साहेब, यांच्या गावाचा अर्ज आहे. सरपंच सोता घेऊन आले.” साहेब म्हणाले, वाचा. बडेबाबूंनी वाचला. त्यांचा आवाज मोठा होता.

“महोदय, आमच्या गावच्या नर्सबाई व शाळेच्या शेखमॅडम ह्या दोघी भुजली आहेत. त्यांची जोडी गावानं लावून दिलेली आहे. जोडी फोडल्यास गावाला दोष लागतो. करिता नर्सबाईंची बदली करण्यात येऊ नये ही नम्र विनंती.” खाली साठ-सत्तर अंगठे आणि सह्या. पहिला अंगठा कौसल्याबाईंचा.

मग मागून आरोग्यसेवकाचा आवाज आला, “घ्या. जोडी तं आपल्या इथीच निघाली.” आणि सभागृह फुटलं. नेहमी हसतात तसेच लोक हसत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, संपलं. नोकरी गेली, पेपरात नाव येईल, माझा भाऊ वाचेल, शमीमचे अब्बा दुकानात मान खाली घालून बसतील. साठ अंगठे घेऊन गावानं माझं दार उघडलं होतं आणि खाट विस्कटायला मला वेळ मिळाला नव्हता.

साहेबांनी टेबलावर पेन आपटून हसणं थांबवलं. मला विचारलं, अगदी मऊ आवाजात विचारलं, “भुजली म्हणजे काय? तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?”

बारा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हाच. आणि कौसल्याबाईंनी त्याचं उत्तर माझ्या कानावर खोचून ठेवलं होतं. एक शब्द उच्चारायचा होता फक्त. गावातली लहान पोरं देखील तो सांगू शकली असती.

“कोणी नाही साहेब,” मी म्हणाले. “शमीम शेख तिथे शाळेत आहेत. शमीम शेख आणि मी सोयीसाठी एका क्वार्टरमध्ये राहतो. माझा त्यांच्याशी दुसरा काही संबंध नाही. गावातले लोक अडाणी आहेत.”

साहेबांनी मान हलवली. कागदावरच्या अंगठ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरं, ते असो. पण गावाची एवढी इच्छा असेल तर तुम्हाला आणखी वर्षभर तिथेच ठेवता येईल. राहता का?”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अर्ज लागू पडला होता. त्या अडाणी माणसांचा कागद साहेबांनी मानला होता आणि मी नुसतं हो म्हणायचं होतं. पण मागे सगळे बघत होते. हो म्हटलं तर ते काय समजतील, एवढंच डोक्यात होतं.

“नको साहेब,” मी म्हणाले. “मला मुलचेरा द्या.” रिकाम्या गावांत ते आमच्यापासून सगळ्यात लांबचं होतं.

व्हरांड्यात देवरावभाऊ छत्री उघडत उभे होते. माझ्यावर रागावले नव्हते. गोंधळले होते. म्हणाले, “आमचं लिवताना काई चुकलं का जी बाई?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी छत्री पुन्हा मिटली. मग अगदी हळू म्हणाले, “तुमी भुजलीचं नाव घेतलं. दोनदा घेतलं.”

शमीम नळावर तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. आरमोरी मागे पडलं. बाहेर बायका वाकून रोवत होत्या, एक पाऊल मागे, एक मूठ पुढे. वारा फिरला आणि पावसाचे थेंब आत यायला लागले. ती म्हणाली, “सुनंदा, काच ओढ. पानी येऊन राह्यलं.”

मी काच ओढली. पाच वर्षांनी माझं नाव ऐकलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, दुखणंही नव्हतं. बसमधल्या कुणाही बाईला म्हणावं तसं ती म्हणाली होती.

मुलचेऱ्याच्या भोवताली बंगाली वस्तीची गावं. तिथेही रोवणी होती, तिथेही काचा होत्या, मासळीच्या वासात मिसळलेलं स्पिरिट होतं. शमीम दर मोठ्या सुट्टीला यायची, दोनदा बस बदलून, दिवस मोडून. पिशवीत कौसल्याबाईंनी दिलेले तांदूळ असायचे. भांडली नाही, टोमणा मारला नाही, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सुनंदा, भात वाढू का. सुनंदा, तुझा ब्लाउज शिवून आणला. मी तिला भुजली म्हणून हाक मारली की ओ द्यायची, पण उलट हाक नावानंच मारायची. त्या घरी मी एकच खाट ठेवली होती. विस्कटायला दुसरी नव्हती आणि बघायला कुणी येतही नव्हतं.

कौसल्याबाई गेल्या तेव्हा मी तेरवीला गेले होते. त्यांची मुलगी म्हणाली, आई इचारत होती, नर्सबाईची भुजली बोलते का तिच्यासंग. मी म्हटलं, बोलते. ते खोटं नव्हतं.

दोघी निवृत्त झालो आणि चंद्रपूरला दोन खोल्या घेऊन राहिलो. ती आजही माझा संसार आहे, माझं सगळं आहे. पण मी भित्री ती भित्रीच. नवी शेजारीण घरात डोकावली की अजून माझी नजर आधी खाटेकडे जाते.

गेल्या आठवड्यात शमीमच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. सकाळी दवाखान्यात घेऊन गेले. तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि मी खिडकीपाशी फॉर्म भरायला उभी राहिले. माझ्यामागे दहाबारा माणसं. ऑपरेशनच्या संमतीची सही होती आणि तिच्याशेजारी एक रकाना.

“काकू, तुमी पेशंटच्या कोन लागता?” खिडकीतली मुलगी म्हणाली. “नातं लिवा इथी.”

बहीण लिहावं तर एक शेख आणि एक मी. मैत्रीण लिहिलं तर सही चालायची नाही म्हणतील, रक्ताचं माणूस आणा म्हणतील. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, लवकर करा जरा. मी पेन टेकवलं. मी लिहिलं, भुजली.

मुलीनं कागद फिरवून बघितला. “हे कोनतं नातं आहे काकू?”

“आहे,” मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, मागची माणसं बघायला लागली. “जन्माचं असते. मोडता येत नाही. माझीच सही चालते त्यात.”

त्या मुलीनं कागद पुन्हा सरळ केला आणि शिक्का मारला. मी वळले. शमीम खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिनं ऐकलं की नाही ते कळेना. मी जवळ गेले तशी डोळे न उघडताच म्हणाली, “पेन त्या पोरीचा आहे ना? दे तिले वापस. आन पानी आन, घसा सुकला.”

मी पेन परत दिलं. नळापाशी आले, ग्लास धुतला, भरला आणि तिथेच उभी राहिले. तिच्या बोलण्यात माझं नाव नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा नव्हतं. दुखत होतं म्हणून राहून गेलं असेल. ग्लास भरलेला होता, तिचा घसा सुकलेला होता, आणि मी ग्लासच्या कडेचं पाणी पदरानं पुसत होते. आत गेले आणि ती सुनंदा म्हणाली तर, याची मला भीती वाटत होती.